दुधातल्या तिसऱ्या

आमच्या टिपणीसांच्या घरात देवावरून भांडणं झाली आहेत. राजकारणावरून तर माझे धाकटे काका एकदा भरल्या पानावरून उठून गेले होते, आणि भूक लागली म्हणून परत आले होते. पण मासा या विषयावर आमच्यात आजवर फूट पडलेली नाही, आणि माशाच्या बाबतीतला पहिला नियम असा, की माशाबरोबर दूध पोटात जाता कामा नये. गेलं की अंगावर कोड उठतं. हे कुणी शिकवलं, कुठल्या पुस्तकात लिहिलंय, ते विचारू नका. विस्तवात हात घालू नये हे तरी कुणी पुस्तकात वाचलंय? मी सायन्सचा पदवीधर आहे, सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालोय, चार लोक मला सुशिक्षित समजतात. पण पापलेट खाल्लं त्या दुपारी मी चहासुद्धा कोरा घेतो.

आणि त्याच मी गेल्या महिन्यात, नवीन पनवेलच्या माझ्या राहत्या घरात, पूर्ण शुद्धीवर असताना, दुधात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतली मासळी, शिजवल्या. हसू नका. आधी कारण ऐका.

कारण म्हणजे आमची मिताली. एकुलती एक. कॅनडात हॅलिफॅक्स नावाचं समुद्रकाठचं शहर आहे, तिथे शिकायला गेली, शिकली, नोकरीला लागली. मग एका सकाळी कंपनीनं निम्म्या लोकांना घरी पाठवलं, त्यात ही. दुसरी नोकरी शोधेपर्यंत तिथे राहायच्या परवानगीची मुदत संपली, आणि दिवाळीनंतर पोरगी दोन बॅगा घेऊन परत आली. विमानतळावरून आली ती सरळ खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही म्हटलं, प्रवासाचा शीण आहे, झोपू दे. पण तो शीण काही उतरेना. दुपारी बाहेर यायची, टोस्टचा तुकडा मोडायची, अर्धा कप चहा घ्यायची, की पुन्हा आत. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काय करायचं ठेवलं नाही. कोलंबीची खिचडी झाली, वालाचं बिरडं झालं, निनावं झालं. ताट जसंच्या तसं परत. "भूक नाही गं आई," एवढंच. पोरीची मनगटं काडीसारखी झाली होती.

आम्ही काय गप्प बसलो होतो? छे! काय होतंय, काही दुखतंय का, कुणी काही बोललं का, पुढे काय ठरवलंयस, इथे अर्ज करणार की परत तिकडेच, खोलीत एसी बसवू का. सगळं विचारून झालं. प्रेमानं विचारलं, रागावून विचारलं, एकदा तर मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन विचारलं. आतून उत्तर आलं, "बाबा, प्लीज."

बरं, घराबाहेर पाऊल टाकावं तर लिफ्टमध्ये तेच. "मिताली आली म्हणे? कायमची का?" हे 'कायमची का' विचारण्यात आमच्या चौथ्या मजल्यावरच्या कमळाकररावांचा हात धरणारा कोणी नाही. कमळाकरराव सोसायटीचे सेक्रेटरी. तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण तहसील कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कुठल्याही गोष्टीची नोंद झाल्याशिवाय ती घडली असं ते मानत नाहीत. "नाही, म्हणजे मेंबरांची संख्या वाढली का, एवढ्यापुरतंच विचारतो," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यानंच वर गेलो.

अशातच एके दिवशी बाल्कनीत कपडे वाळत घालताना मला तिच्या खिडकीतून आवाज आला. मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. कान लावणं माझ्या स्वभावात नाही. पण मी तो टॉवेल बराच वेळ वाळत घातला. "काही नको यार," ती म्हणत होती. "फक्त एक बाउल चावडर हवंय. गरम. बास."

आता मला सांगा, ज्या घरात तीन पिढ्या मऊ भात, मेतकूट आणि तुपावर आजारातून उठल्या, त्या घरातल्या मुलीला जीव घाबरा झाल्यावर आठवावं काय, तर चावडर! मी शोभाला सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिनं लसूण खाली ठेवला.

"म्हणजे काय असतं ते?"

मी मोबाइलवर शोधलं. "दाटसर सूप असतं. बटाटा, कांदा, लोणी, मैदा, दूध, साय…"

"एवढंच ना? करते की मी."

"…आणि तिसऱ्या."

शोभानं लसूण पुन्हा उचलला. मग म्हणाली, "तरीच." तरीच काय ते तिनं सांगितलं नाही. पण आपल्या मुलीनं चार वर्षं परमुलखात दुधातून शिंपले खाल्ले आणि आपल्याला फोनवर 'जेवले गं' एवढंच सांगितलं, हे तिच्या मनाला फार लागलं. संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "अहो, तिच्या अंगावर कुठे काही दिसत नाही ना?" मी म्हटलं, नाही. मीही आल्या दिवसापासून तिचे हात न्याहाळत होतो, हे मात्र सांगितलं नाही.

शेवटी ठरलं की करायचं. मी करायचं. कारण शोभानं स्पष्ट सांगितलं, की असल्या पापाला ती हात लावणार नाही, तिचं कुठलंही भांडं वापरायचं नाही, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या आसपास तर हे नावही काढायचं नाही. भांडं म्हणून मला तिनं माळ्यावरचं एक पोचे पडलेलं पातेलं काढून दिलं, जे नंतर टाकून देता येईल. रविवार मुक्रर झाला.

तयारी म्हणून मी एका परदेशी बाईचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. तिच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं, म्हणून ती सूप करत होती. माझ्या खिडकीबाहेर पाण्याचा टँकर उभा होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. ती हसत हसत शिंपल्यांत दूध ओतायची, आणि त्या क्षणी प्रत्येक वेळी माझा डावा हात खाजायला लागायचा. कोड म्हणजे काय घामोळं आहे का खाजायला? कळतं हो. पण खाजायचा.

तेव्हा मी सुशिक्षित माणसानं करावं ते केलं. शोभाला लायब्ररीत जातो सांगून जुन्या पनवेलात एका कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

"पेशंट असा कोणी नाही. डॉक्टरांना फक्त एक शंका विचारायची आहे."

"पेशंटशिवाय नंबर लागत नाही, काका. नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं.

"तक्रार?"

बाकावर पाच-सहा माणसं आपापल्या जागा खाजवत बसली होती. ती सगळी खाजवायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी शक्य तितक्या हळू म्हणालो, "कोड."

"कोड?" ती शक्य तितक्या मोठ्यानं म्हणाली. "कधीपासून आहे?"

"अजून नाहीये. रविवारी दुपारनंतर शक्यता आहे."

तिनं आता मान वर केली. "काका, तारीख टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

"मग रविवारची टाका."

"पुढची तारीख घेत नाही ते." तिनं दोन-तीनदा बटणं दाबून पाहिली, सुस्कारा सोडला आणि काहीतरी निवडलं. मी निमूटपणे बाकावर जाऊन बसलो. आत गेल्यावर कळलं की तिनं 'जन्मापासून' असं घातलं होतं. डॉक्टरांनी मला तोंड उघडू न देता शर्ट काढायला लावला, पाठमोरा केला, उजेडात नेला, भिंग लावून पाहिलं आणि शेवटी वैतागून विचारलं, "अहो, पण आहे कुठे?"

मी सगळं सांगितलं. मुलीपासून तिसऱ्यांपर्यंत. डॉक्टर तरुण होते, मनापासून हसले. म्हणाले, "टिपणीसकाका, दूध-माशाचा आणि कोडाचा काडीचा संबंध नाही. कोड वेगळ्याच कारणांनी उठतं, ते कुणाला लागत नाही, आणि उठलं तरी माणसाचं काही अडत नाही. खुशाल खा." माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. दारापर्यंत आलो, आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, वळून विचारलं, "तुम्ही खाता का हो?"

डॉक्टर टेबलावर पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशातच होतं. "नाही, म्हणजे शास्त्र वेगळं," ते म्हणाले. "आमच्याकडे आई आहे ना अजून."

झालं! ओझं पुन्हा जागच्या जागी.

रविवारी सकाळी मासळीबाजारात गेलो. आमची गंगाबाई उरणकडची, तिच्याकडून आम्ही कित्येक वर्षं मासळी घेतो. तिच्यापुढे तिसऱ्यांचा ढीग होता, छान जड आणि तोंड मिटलेल्या. तिनं वाटे लावता लावता नेहमीसारखं विचारलं, "काय करनार दादा? सुकं का कालवन?"

खोटं बोलायची सवय नाही, हा माझा दोष. मी म्हटलं, "दुधात करणार आहे."

गंगाबाईचा हात जागच्या जागी थांबला. तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं तिच्या शेजारणीकडे. "दुधात?" गंगाबाई म्हणाली. "घरात कोन नाय का सांगाला? वयनी बरी हाय ना?"

"अगं, बाहेरच्या देशात करतात तसं."

"त्या देशात काय बी करतील. माज्या तिसऱ्या मी नाय देनार." तिनं चक्क वाट्यावर ओलं फडकं टाकलं. "उद्या कुनाच्या अंगावर डाग उठला म्हंजे तुमी बोलाल, गंगीनं दिलेल्या. आमी धंदा करतो दादा, पाप नाय करत."

भर बाजारात, सगळ्या कोळणींच्या देखत, निवृत्त शाखाधिकाऱ्याला तिसऱ्या नाकारण्यात आल्या. मी दुसरीकडे वळलो, तर ती बातमी माझ्या आधी तिथे पोचलेली. शेवटी परत गंगाबाईपुढे येऊन, मान खाली घालून, मला शब्द द्यावा लागला, की मी कालवणच करीन. तेव्हा कुठे तिनं फडकं उचललं.

सेलरी नावाची एक भाजी त्या बाईच्या व्हिडिओत होती. भाजीवाल्याला फोटो दाखवला. त्यानं आत्मविश्वासानं शेपू दिला. थाइम म्हणून काहीतरी पाहिजे होतं. वाण्यानं फोटो नीट दोन्ही बाजूंनी बघितला आणि ओवा दिला. सुपाबरोबर खायची छोटी बिस्किटं असतात म्हणे, त्याऐवजी बेकरीतून खारी घेतली. घरी आलो तेव्हा माझ्या पिशवीत मूळ पदार्थातला फक्त बटाटा शिल्लक होता.

स्वयंपाकघरात मी एकटा. शोभा हॉलमध्ये पेपर उघडून बसली होती, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. मी तिसऱ्या पाण्यात ठेवून वाळू काढली, उकडून उघडल्या, मांस सोडवलं. लोण्यावर कांदा परतला, बटाटा शिजवला, मैदा घातला. त्याच्या गुठळ्या झाल्या, त्या डावानं एकेक चिरडल्या. शेपू शेवटच्या क्षणी घातला नाही, एवढी अक्कल देवानं दिली. मग दुधाचं पातेलं उचललं. पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं. खरं सांगतो, कर्जबुडव्यांच्या घरी जप्तीला गेलो तेव्हाही मी असा अडखळलो नव्हतो. मनात म्हटलं, अविनाश, पोरगी उपाशी आहे. डोळे मिटले आणि ओतलं.

काही झालं नाही. वीज कडाडली नाही. उलट बरा वास सुटला. मी आच मंद केली आणि जरा अभिमानानं ढवळतोय, तोच बेल वाजली.

दारात कमळाकरराव. चेहरा सांत्वनाला आल्यासारखा. आत येऊन, सोफ्यावर बसून, माझ्या हातावर हात ठेवणार होते, तो त्यांनी मधेच मागे घेतला. त्यांना बघून शोभा आधीच आत निघून गेली होती.

"टिपणीस," ते म्हणाले, "इतकी वर्षं लपवलंत. पण माझ्या मनात तुमच्याबद्दल तोच आदर आहे."

"काय लपवलं?"

"जन्मापासून आहे म्हणे. आमचे मेहुणे नायट्यासाठी त्याच दवाखान्यात बसले होते. त्यांनी 'कोड' कानांनी ऐकलं, आणि 'जन्मापासून' काउंटरवरच्या स्क्रीनवर डोळ्यांनी वाचलं."

मी सांगायला तोंड उघडलं, पण कमळाकररावांचा विषय एकदा नोंदीला आला की पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमचं काय हो, वय झालं. पण बिल्डिंगमध्ये बोलतायत. मुलगी एवढी शिकली-सवरलेली, परदेशातून अशी अचानक येते काय, खोलीबाहेर पडत नाही काय, कुणाला तोंड दाखवत नाही… लोक म्हणणारच ना, की आनुवंशिक असेल. उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय. तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर एक खुलासा टाका. मसुदा मी देतो."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ज्या पोरीच्या तोंडात घास जावा म्हणून मी शर्ट काढून भिंगाखाली उभा राहिलो, तिच्याच नावावर मी हे लावून घेतलं होतं! मी चावडर सांगायला लागलो. दूध, तिसऱ्या, हॅलिफॅक्स. तसतसे कमळाकररावांचे डोळे मोठे होत गेले. "म्हणजे आत्ता तुमच्या गॅसवर माशात दूध आहे?" ते उठूनच उभे राहिले. "टिपणीस, नसेल तर आता होईल हो!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शोभाची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. "अहो! हे फुटलं!"

मी धावलो. पातेल्यात डोकावलो. मघाचं पांढरंशुभ्र, दाट चावडर नाहीसं झालं होतं. त्याजागी जांभळट पाणी, त्यावर तरंगणारे पांढरे गोळे, आणि मधूनमधून डोकं वर काढणाऱ्या तिसऱ्या. आणि मधोमध दोन आमसुलं, हातपाय पसरून, निवांत.

"आमसूल?" मी ओरडलो. "दुधात आमसूल घातलंस?"

"मला काय माहीत? मी नुसती बघायला आले. तिसऱ्या दिसल्या, आंबट दिसलं नाही. म्हटलं, विसरलात!"

"आंबट घालायचंच नसतं त्यात!"

"आंबट नाही अशी तिसरी मी जन्मात पाहिली नाही! हात गेला माझा. सवयीनं गेला!"

"तू म्हणाली होतीस ना, हात लावणार नाही? मग लावलास कशाला?"

कमळाकरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन पंचासारखे उभे होते. "आता तर आंबटही झालं," ते म्हणाले. "मासा, दूध आणि वर आंबट. तिहेरी विरुद्ध आहार!"

आणि एकदम शोभा रडायला लागली. पदर तोंडाशी धरून नाही, तर उघड, हमसून. "लावला हात," ती म्हणाली. "लावला. वाटलं, त्यात माझ्या हातचं निदान एक आमसूल तरी असू दे. तेवढं तरी तिच्या पोटात जाऊ दे. माझ्या हातचं काहीच खात नाही हो ती."

गॅस तसाच चालू होता.

मितालीच्या खोलीचं दार उघडलं. केस विस्कटलेले, अंगात तो तिकडचा जाडा स्वेटशर्ट. "काय चाललंय?" तिनं विचारलं. मग नाक वर केलं. "वास कसला येतोय?" कमळाकररावांना बाजूला करून ती आत आली आणि पातेल्यापाशी उभी राहिली. वाकून आत पाहिलं.

"हे काय आहे?"

"चावडर," मी म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईच्या रडक्या डोळ्यांकडे. मग डाव उचलला, फुंकर मारली आणि तोंडात घातला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हे चावडर नाहीये, बाबा."

"नाहीच आहे गं."

"आंबट कसं काय लागतंय?"

"आमसूल," शोभा हुंदका देत म्हणाली.

मितालीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, आता हिलाही रडवलं आपण. पण पोरगी हसत होती. आवाज न करता, ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. आणि मग त्या हसण्यातलं किती रडणं होतं ते मलाही सांगता येणार नाही. ते थांबल्यावर तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि स्टुलावर बसली. "वाढ ना आई," ती म्हणाली. "भूक लागलीये."

शोभानं वाढलं. फडताळातला सगळ्यात चांगला बाउल काढून. पोरगी खायला लागली. गोळ्यांसकट, तिसऱ्यांसकट, खारी बुडवून. दारातून कमळाकररावांचा हात पुढे झाला. "अगं बाळ, थांब! दूध आणि मासे…"

मी आयुष्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला उलट बोललो नव्हतो. पाण्याचं प्रेशर, पार्किंग, गणपतीची वर्गणी, सगळं ऐकून घेत आलो. पण त्या दिवशी मी त्यांचा दंड धरला, हॉलमधून दारापर्यंत चालवत नेलं आणि म्हणालो, "कमळाकरराव, आता तुम्ही घरी जा."

"मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"आमचं भलं आम्ही बघतो. आणि बिल्डिंगमध्ये कोणी विचारलंच, तर नोंद करून घ्या, टिपणीसांची मुलगी जेवतेय." आणि दार लावलं. कडी घालायला मला दोन्ही हात लागले.

परत आलो तर शोभानं मला फ्रिजपाशी ओढलं. "अहो, दुसऱ्यांदा घेतलंन् तिनं. थांबवा ना."

"तू थांबव."

"मी कशी थांबवू? इतक्या दिवसांनी खातेय."

"तिथे चार वर्षं खात होती. काही झालं का?"

"तिथलं दूध वेगळं असतं हो."

खरं सांगायचं तर सायन्सचा पदवीधर असून मलाही तसंच वाटत होतं. मी आणखी एक बाउल काढला आणि त्यात पातेल्यातलं वाढून घेतलं. माझा डावा हात खाजत होता.

"तुम्ही कशाला?" शोभा घाबरून म्हणाली.

"जे व्हायचं ते दोघांना होऊ दे."

"आणि मी काय इथे बसून दोघांना मलमं लावू?" असं म्हणून तिनंही बाउल घेतला. जिनं बोंबलाच्या वासावर दुधाचं पातेलं दुसऱ्या खोलीत हलवलं, ती ही बाई. तिनं देवाचं नाव घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि चमचा तोंडात घातला.

तिघं टेबलाशी बसलो. चव? चवीचं विचारू नका. गुठळ्या होत्या, वाळूही होती. मी प्रत्येक घासाला मनगट बघत होतो, शोभा माझं मनगट बघत होती.

खाता खाता, मान वर न करता, मिताली बोलायला लागली. "नोकरी गेली ना, त्या दिवशी मी ऑफिसखालच्या एका छोट्या हॉटेलात जाऊन बसले. नुसतीच. तिथली म्हातारी मालकीण आली. काय झालं, कुठून आलीस, आता काय करणार, काही म्हणजे काही विचारलं नाही तिनं. एक बाउल आणून ठेवला समोर आणि गेली. मग मी रोज जायचे. तिनं कधीच काही विचारलं नाही, बाबा."

मी चमचा खाली ठेवला. माझ्या जिभेवर पाच-सहा प्रश्न ओळीनं उभे होते, आल्या दिवसापासूनचे. नोकरीचं काय, परवानगीचं काय, इथे राहणार की तिथे. मी चमचा पुन्हा उचलला आणि एकेका घोटाबरोबर त्यांना खाली ढकलत राहिलो. सोपं नव्हतं. तिसऱ्या सहज गेल्या त्यांच्यापुढे.

पण शोभाला राहवेना. ती आई. तिनं पाणी प्यायलं, चष्मा सारखा केला आणि तिचं तोंड उघडलं. "मग मितू, आता तू…"

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. मितालीचा चमचा बाउलपाशी थांबला होता. शोभानं माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"…आता तू अजून थोडं घे," ती म्हणाली.

मितालीनं बाउल पुढे केला.